पोटरीतला गोळा, कमरेतली उसण

रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात. गाढ झोपेत असलेला माणूस एकाएकी विव्हळत उठून बसतो. पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला असतो, पाऊल खाली ओढले गेलेले असते आणि वेदना इतकी तीव्र असते की पाय हलवण्याचेही धैर्य होत नाही. दोन-तीन मिनिटांत स्नायू आपोआप सैल होतो. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटरी दुखरी राहते. घरोघरी येणारा हा अनुभव आहे आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवीही असतो.

मराठीत या दुखण्याला अनेक नावे आहेत. कोणी गोळा आला म्हणतात, कोणी पेटके, कोणी वांब. आयुर्वेदात हातापायांना पीळ पडल्यासारख्या या वेदनेला ‘खल्ली’ असे नाव आहे. कमरेत भरते ती उसण, मानेत भरते ती लचक. फार चालल्यावर पाय भरून येतात, तापात अंग ठणकते. बोलताना हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्या प्रत्येकामागे शरीरात घडणारी गोष्ट निराळी असते आणि म्हणून उपायही निराळा असतो. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर कधी तो वाया जातो, तर कधी अंगाशी येतो. त्यातच काही गंभीर आजार सुरुवातीला ‘नुसता गोळा’ वाटतात. म्हणून या दुखण्यांची नीट ओळख असणे आवश्यक आहे.

स्नायू आवळतो आणि सुटतो

मानवी शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. मज्जातंतूकडून संदेश आला की स्नायूच्या पेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. आवळण्यासाठी शक्ती लागते हे सर्वांना ठाऊक असते. पण स्नायू सैल होण्यासाठीही शक्ती खर्च करावी लागते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. मोकळे झालेले कॅल्शियम परत कोठारात भरणे आणि तंतूंची पकड सोडवणे या दोन्ही कामांना पेशीतील ऊर्जा लागते. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरतो तो याचमुळे. ऊर्जा संपलेली असते आणि पकड सुटत नाही.

स्नायूवर देखरेख ठेवण्यासाठी शरीराने दोन पहारेकरी नेमले आहेत. स्नायूच्या मध्यभागी असलेली सूक्ष्म संवेदनेंद्रिये तो किती ताणला गेला याची नोंद घेतात आणि ‘आवळ’ असा संदेश देतात. स्नायू जेथे कंडरेला जोडला जातो तेथील इंद्रिये ओढ वाढली की ‘सैल हो’ असे सांगतात. या दुसऱ्या इंद्रियांना इटलीचे शास्त्रज्ञ कॅमिलो गोल्जी यांचे नाव देण्यात आले आहे. मज्जासंस्थेच्या रचनेवरील संशोधनासाठी गोल्जी यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असे मत मांडले की, थकलेल्या स्नायूत पहिला पहारेकरी अतिउत्साही होतो आणि दुसरा सुस्तावतो. आवळण्याचे संदेश येतच राहतात, सोडण्याचे येत नाहीत. स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल तर कंडरेवर ओढ नसते आणि दुसरा पहारेकरी जवळजवळ गप्पच असतो. रात्रीच्या गोळ्यांचेही बरेचसे स्पष्टीकरण यात मिळते. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, जड पांघरुणाने ते आणखी दाबले जाते, पोटरी आखूड होते आणि किरकोळ निमित्तानेही गोळा येतो.

मीठ-पाणी की थकवा?

‘अंगातले मीठ कमी झाले म्हणून पेटके आले’ हा समज जुना आहे आणि तो पूर्णपणे चुकीचाही नाही. खोल खाणींतील कामगार आणि आगबोटींच्या भट्ट्यांवर कोळसा टाकणारे खलाशी यांना उष्म्यात भयंकर पेटके येत. इंग्लंडमधील कोळसा खाणींत काम करणाऱ्यांचा १९२३ च्या सुमारास अभ्यास झाला. घामावाटे मीठ गमावून नुसते पाणी पिणाऱ्यांना हा त्रास होतो आणि पाण्यात थोडे मीठ घातल्यास तो कमी होतो, असे त्यात दिसून आले. एप्रिल-मेच्या उन्हात बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा शेतात राबणाऱ्यांच्या बाबतीत हे आजही लागू पडते.

लांब पल्ल्याच्या शर्यतींतील धावपटूंची गोष्ट मात्र वेगळी निघाली. पेटके आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचे रक्त तपासले असता सोडियमच्या प्रमाणात वा शरीरातील पाण्यात पेटक्यांचा उलगडा होईल असा फरक आढळला नाही. शिवाय मीठ सर्व शरीरातून जाते. मग गोळा फक्त पोटरीतच का यावा? त्यामुळे श्रम झालेल्या एकाच स्नायूत गोळा आला तर कारण बहुधा थकवा असते. तासन्तास घाम गाळल्यावर हात, पाय, पोट अशा अनेक ठिकाणी पेटके येऊ लागले तर मीठ-पाण्याची तूट असण्याची शक्यता अधिक. जुलाब-उलट्यांनंतर येणारे पेटकेही याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. कॉलऱ्याच्या रोग्याच्या पोटऱ्यांत येणारे गोळे हे त्याचे जुने आणि ठळक उदाहरण होय.

अमेरिकेत २०१० मध्ये झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. विजेच्या सौम्य धक्क्याने पायाच्या स्नायूत पेटका आणून काहींना काकडीच्या खाऱ्या लोणच्याचे आंबट पाणी आणि काहींना साधे पाणी देण्यात आले. लोणच्याचे पाणी प्यायलेल्यांचा पेटका सुमारे ३७ टक्के लवकर सुटला. दीड मिनिटाच्या आत ते पाणी पोटातून रक्तात मिसळणे शक्य नव्हते. त्यामुळे तोंडातील व घशातील मज्जातंतूंना झोंबलेल्या आंबट चवीने पेटक्याचा संदेश दबला असावा, असा तर्क संशोधकांनी केला.

गोळा आल्यावर काय करावे?

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आवळलेला स्नायू हळूहळू ताणणे. यामुळे कंडरेवर ओढ पडते आणि सुस्तावलेला पहारेकरी जागा होतो. पोटरीत गोळा आला असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हाताने स्वतःकडे ओढावीत. हात पोहोचत नसेल तर पावलाला पंचा किंवा ओढणी अडकवून ओढावे, अथवा उभे राहून टाच जमिनीवर दाबून शरीराचा भार त्या पायावर द्यावा. मांडीच्या मागच्या बाजूस गोळा आला तर बसून गुडघा सरळ करावा. मांडीच्या पुढच्या बाजूस आला तर आधार धरून उभे राहावे आणि पाऊल मागे नितंबाकडे ओढावे. ताण वीस ते तीस सेकंद द्यावा, झटके देऊ नयेत. स्नायू सैल झाल्यावर हलक्या हाताने चोळावे, गरम पाण्याने शेकावे आणि चार पावले चालावे.

उन्हात पेटके आले असतील तर प्रथम सावलीत यावे, कपडे सैल करावेत आणि जलसंजीवनीचे पाणी घोटघोट प्यावे. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हा चहाचा लहान चमचा असावा. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये. पेटके थांबले म्हणून लगेच कामावर परतणेही योग्य नाही. काही तास विश्रांती हवी. उन्हातील पेटके ही उष्माघाताच्या वाटेवरची पहिली पायरी असू शकते. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग चटका बसेल इतके तापले तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी एरवी पेटक्यांच्या भीतीने रोजच्या जेवणात मीठ वाढवू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी नारळपाणी आणि केळी यांचा मारा करू नये, कारण त्यातील पोटॅशियम त्यांना घातक ठरू शकते.

रात्रीचे गोळे

रात्री गोळे येण्याचे प्रमाण पन्नाशीनंतर वाढते. गरोदरपणाच्या उत्तरार्धातही ते वारंवार येतात. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे विकार, तसेच मद्यपान यांच्याशी त्यांचा संबंध आढळतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दम्यासाठी दिली जाणारी काही दीर्घकाळ काम करणारी औषधे यांमुळेही गोळे येऊ शकतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. अशी शंका आल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

या गोळ्यांवर एकेकाळी क्विनीन सर्रास दिले जाई. सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळणाऱ्या या हिवतापाच्या औषधाने गोळे काही प्रमाणात कमी होतात, हे खरे. परंतु क्वचित प्रसंगी त्यामुळे रक्तातील बिंबाणू एकदम घटतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ मध्ये गोळ्यांसाठी क्विनीनची चिठ्ठीविना विक्री बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०१० मध्ये पुन्हा कडक इशारा दिला. रात्रीच्या त्रासासाठी एवढा धोका पत्करणे योग्य नाही, हेच आता वैद्यकाचे मत आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्याही लोकप्रिय आहेत. मात्र उपलब्ध प्रयोगांचा २०२० मध्ये घेतलेला एकत्रित आढावा असे सांगतो की, वयस्कर व्यक्तींना त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमी आहे.

त्यामानाने बिनखर्चाचा उपाय अधिक आश्वासक आहे. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५ वर्षांवरील ८० जणांपैकी निम्म्यांना झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणण्याचा व्यायाम देण्यात आला. सहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांना येणारे गोळे इतरांच्या तुलनेत रात्रीमागे सरासरी एकाहून अधिक संख्येने घटले. व्यायाम अगदी सोपा आहे. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकवावेत. एक पाय मागे न्यावा, टाच जमिनीवर आणि गुडघा सरळ ठेवावा आणि पोटरीत ताण जाणवेपर्यंत पुढे झुकावे. दहा ते वीस सेकंद थांबून असे प्रत्येक पायाने तीनदा करावे. पायावरचे पांघरूण सैल ठेवावे.

उसण भरली की…

वाकून बादली उचलताना, कधी नुसते शिंकतानाही, कमरेत चमक निघते आणि माणूस जागच्या जागी थिजतो. ही उसण म्हणजे कमरेच्या स्नायूंनी स्वतःला लावून घेतलेला पट्टाच असतो. पाठीतील एखादा सांधा, अस्थिबंध किंवा स्नायू दुखावला की आजूबाजूचे स्नायू त्याची हालचाल थांबवण्यासाठी आवळून बसतात. पोटरीच्या गोळ्याप्रमाणे जोराने ताणून ही पकड सुटत नाही. उलट दुखापत वाढण्याचा संभव असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात उसण भरलेल्या माणसाच्या कमरेला पायाळू व्यक्तीचा, म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीचा, पाय लावून घेण्याची पद्धत आहे. त्याने बरे वाटलेली माणसे गावोगावी भेटतात. त्याचे कारण पायाळूपणात नसून उसणीच्या स्वभावात आहे. बहुतेकांची उसण काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. हलक्या स्पर्शाने अपाय नाही, पण दुखऱ्या कण्यावर जोराची लाथ बसणे धोक्याचे आहे.

‘कंबर धरली की आठवडाभर अंथरुणावर पडून राहावे’ हा सल्लाही आता मागे पडला आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना सात आणि काहींना दोन दिवस झोपून राहण्यास सांगण्यात आले. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर लवकर परतले. झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे, शेक घ्यावा, ओझे उचलू नये आणि तासन्तास एकाच जागी बसू नये, हे धोरण हितावह ठरते.

वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी किंवा शरीरातील पाणी कमी झालेले असताना घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांनी झोप येते. ती घेऊन वाहन चालवू नये. आपल्याकडे वेदनाशामकासोबत सर्रास दिले जाणारे थायोकोल्चिकोसाइड तोंडावाटे सात दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये आणि गरोदरपणात मुळीच घेऊ नये, असे युरोपातील औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये बजावले आहे.

पाय भरून येतात तेव्हा

गड चढून-उतरून आलेल्याला त्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना मांड्या ओरडू लागतात. चढताना नव्हे, तर उतरताना हे दुखणे पदरात पडते. उतारावर मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यावर येणारी सूज चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोहोचते. ‘लॅक्टिक ॲसिड साचले’ हे स्पष्टीकरण अजूनही ऐकू येते; पण श्रमात तयार झालेले हे द्रव्य तासा-दीड तासात रक्तातून नाहीसे होते. दोन दिवसांनंतरच्या दुखण्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

या दुखण्यावर काळ हेच औषध आहे. हलके चालणे, कोमट पाण्याने स्नान आणि हलके मालिश यांनी आराम मिळतो. तेच श्रम पुन्हा केल्यास दुखणे बरेच कमी होते, कारण स्नायू जुळवून घेतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर चालणाऱ्या वारकऱ्यांपैकी रोज शेतात राबणारे सहज चालतात आणि शहरातून थेट वारीत सामील झालेल्यांचे पाय दुसऱ्या मुक्कामालाच भरून येतात, यामागे हेच कारण आहे. वारी असो वा मॅरेथॉन, किमान सहा-आठ आठवडे आधीपासून चालण्याचे वा धावण्याचे अंतर हळूहळू वाढवणे हा सर्वोत्तम उपाय होय.

हा गोळा नव्हे

काही दुखणी गोळ्याचे सोंग घेऊन येतात. ती वेळीच ओळखणे जिवावरच्या संकटातून वाचवू शकते.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लालसर झाली आणि दुखणे मिनिटांऐवजी दिवसभर टिकले तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. शस्त्रक्रिया, बाळंतपण, पायाला घातलेले प्लास्टर किंवा लांबचा बसून केलेला प्रवास यांनंतर तिचा धोका वाढतो. अशी पोटरी कदापि चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की काही मिनिटांत जातो आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर येतो, हे पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे लक्षण असते. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते आढळते. विडी ओढणाऱ्या तरुणांनाही रोहिण्यांचा असा विकार होतो आणि दुर्लक्ष केल्यास बोटे काळी पडतात.

पावसाळ्यात थंडी-तापासोबत पोटऱ्या हात लावू देणार नाहीत इतक्या दुखू लागल्या तर लेप्टोस्पायरोसिसची आठवण व्हावी. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरानंतर या आजाराची मोठी साथ आली. साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डेंगीतही अंग मोडून येते. अशा तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कंबरदुखीसोबत जांघेत बधिरता आली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पाय लुळा पडू लागला तर काही तासांत रुग्णालय गाठावे. जखमेनंतर जबडा उघडेनासा झाला तर तो धनुर्वात असू शकतो. अतिश्रमानंतर स्नायू सुजून लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंड धोक्यात आले आहे, असे समजावे. छातीत, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात श्रमासोबत येणाऱ्या कळेला ‘स्नायू आखडला’ म्हणून बाम चोळत बसणे तर जिवावर बेतू शकते.

थोडक्यात, दुखणे अंगावर काढण्यापूर्वी किंवा त्यावर गोळी घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ते किती वेळ टिकले? एकाच जागी आहे की सर्वांगात? सोबत सूज, ताप किंवा बधिरता आहे का? आणि ते येण्यापूर्वी काय घडले होते? काही मिनिटांत सुटणारा गोळा ताणल्याने जातो, उसण संयमाने उतरते आणि भरलेले पाय सवयीने हलके होतात. या तिन्हींत न बसणारे दुखणे डॉक्टरांना दाखवावे, आणि तेही वेळेत.